मास्तरांना दिसणारी मुलं

पत्र (थोडं आखडून): «माझे सासरे ऐंशीचे आहेत. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत हयात गेली, गावात अजून सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. दोन्ही डोळ्यांचे पडदे मध्यभागी झिजलेत, मॅक्युलर डिजनरेशन असं सांगितलंय. शिवाय प्रेशरचे थेंब चालू आहेत. पेपर वाचणं कधीच बंद झालं. ज्येष्ठापासून त्यांना संध्याकाळी वसरीवर मुलं दिसतात. गुडघ्याएवढी, भरजरी कपड्यांतली, डोक्यावर टोप्या. बोलत नाहीत, नुसती ओळीनं बसतात. कधी भिंतभर जाळी दिसते. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, ‘मुलाला सांगू नकोस’ म्हणून. पण एकदा पावसात त्या मुलांना ‘आत या रे, भिजाल’ म्हणाले, ते माझ्या मिस्टरांनी ऐकलं. आता घरात तीन मतं आहेत. मिस्टर म्हणतात, वय झालं, डोकं चाललं. शेजारची काकी म्हणते, कुळागराच्या वाटेवरचा राखणदार देवचार आहे, घाड्याला (भगताला) विचारा. मुलगा मोबाईलवर वाचून अल्झायमर म्हणतो. चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळं कुटुंब मूळ घरी जमणार. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायचा मान मास्तरांचा, पण यंदा त्यांना खोलीतच बसवावं असं मिस्टरांच्या मनात आहे. मी काय करू? आणि एक कोडं सुटत नाही. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, मग त्या मुलांच्या टोपीवरची नक्षी कशी दिसते?» – एक सून

ताई,

नक्षीचं कोडं तुम्ही शेवटी घातलंत, पण बाकीचं सगळं त्यातूनच उलगडतं, त्यामुळे त्याकडे येतेच. त्याआधी एक काम आहे, ते चवथीपर्यंत थांबवू नका. आज संध्याकाळी मास्तरांजवळ बसा आणि सांगा की नजर अधू झालेल्या पुष्कळ माणसांना अशी मुलं, माणसं, जाळ्या, फुलं दिसतात. डॉक्टरांना ते ठाऊक आहे, त्याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, आणि ते वेड नव्हे. ‘मुलाला सांगू नकोस’ म्हणणारा माणूस टोपीवाल्या मुलांना भ्यालेला नाही. आपलं डोकं फिरलं असं घरच्यांनी ठरवलं तर काय, याला तो भ्यालाय. ती धास्ती घेऊन ज्येष्ठापासून तो वसरीवर एकटा बसतोय. तुम्हाला तरी सांगितलं, हे त्यांचं नशीब म्हणायचं. कित्येक जण डॉक्टरलासुद्धा सांगत नाहीत.

मी डोळ्यांची डॉक्टर नाही. कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते, आणि माणूस पाहतो कसा हा त्यातला माझ्या आवडीचा भाग. पत्रावरून निदान करायचा मला अधिकार नाही, आणि दुसऱ्या कुणी केलं तर त्यावरही विसंबू नका. तपासणी लागणारच, ती कुठली ते पुढे सांगते. पण तुम्ही लिहिलेले बारकावे या आजाराच्या वर्णनाशी इतके जुळतात की तुमच्या मुलाच्या मोबाईलनं ते पान नेमकं कसं चुकवलं याचं मला आश्चर्य वाटतं.

शार्ल बोने (इंग्रजी उच्चारात चार्ल्स बॉनेट) हा जिनिव्हाचा निसर्ग-अभ्यासक. मावा या पिकावरच्या किडीची मादी नराशिवाय पिल्लं घालते, हे तरुणपणीच दाखवून त्यानं नाव मिळवलं होतं. १७६० साली मनाच्या शक्तींवर लिहिलेल्या पुस्तकात त्यानं आपल्या आजोबांची, शार्ल ल्युलँ यांची, हकीकत घातली. आजोबा नव्वदीला टेकलेले, एके काळचे न्यायाधिकारी. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होऊनही दृष्टी अधूच राहिली होती. त्यांना बायका-पुरुष, पक्षी, घोडागाड्या, इमारती दिसायच्या. आकृत्या लहान व्हायच्या, मोठ्या व्हायच्या, विरून जायच्या. आवाज कसलाच नाही. बुद्धी तल्लख, स्मरण पक्कं, आणि यातलं काहीही खरं नाही हे आजोबांना पूर्ण ठाऊक. घाबरणं दूरच, त्यांना त्याची मजा वाटायची. पुढे बोनेची स्वतःची नजर अधू झाली आणि त्यालाही तसंच दिसू लागलं. विसाव्या शतकात जिनिव्हाच्याच एका डॉक्टरनं, झॉर्झ द मॉर्सिए यानं, या प्रकाराला बोनेचं नाव दिलं.

तुमच्या पत्रातल्या कपड्यांपाशी मी थबकले ते याचसाठी. बुटकी माणसं, जुन्या थाटाचे भरजरी पोशाख, टोप्या, भिंतीवर विटांसारखी किंवा जाळीसारखी नक्षी: नजर गेलेल्या लोकांच्या सांगण्यात हेच पुन्हा पुन्हा येतं. मास्तरांना जिनिव्हाच्या आजोबांची गोष्ट माहीत असायचं कारण नाही, आणि त्या आजोबांना डिचोलीतल्या वसरीची. तरी दोघांना अशीच गप्प माणसं दिसतात. तेव्हा याचं कारण गावात, घरात किंवा माणसाच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. ते आपल्या सगळ्यांच्या मेंदूच्या घडणीत आहे.

आता ती घडण. एक रेघांचा कागद घ्या. त्यावर आडव्या ओळीत, साधारण चार इंच अंतर सोडून, दोन टिकल्या लावा. उजवा डोळा झाका, डाव्या डोळ्यानं फक्त उजवीकडच्या टिकलीकडे बघत राहा, आणि कागद हळूहळू पुढे-मागे करा. कागद डोळ्यापासून हातभरापेक्षा थोडा कमी लांब असताना डावीकडची टिकली नाहीशी होईल. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर, जिथून मज्जातंतूंची जुडी बाहेर पडते तिथे, प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. एदम मारिऑत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हे सतराव्या शतकात लक्षात आलं. पण गंमत टिकली जाण्यात नाही. टिकली होती तिथे तुम्हाला भोक दिसत नाही. कागद दिसतो, आणि त्यावरच्या रेघा न तुटता पुढे गेलेल्या दिसतात. त्या रेघा डोळ्यानं पाहिलेल्या नाहीत, त्या तुमच्या मेंदूनं भरल्या आहेत. जन्मल्यापासून रोज भरतो, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो.

दुसरा प्रयोग आरशात. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, मग परत डाव्याकडे. डोळे हलताना काही केल्या दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्वच्छ दिसतील. आपले डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारतात आणि प्रत्येक उडीच्या वेळचं धुरकट चित्र मेंदू गाळून टाकतो. हे सगळं करावं लागतं, कारण आपल्याला बारीक दिसतं ते अगदी चिमूटभर जागेत. हात लांब करून अंगठ्याचं नख धरा, साधारण तेवढ्याच भागात. बाकीचं दृश्य पुसट असतं. तरी समोरचं अख्खं अंगण, तुळस, माड, पलीकडची वाट सगळं एकदम लख्ख दिसतंय अशी आपली खात्री असते. ती खात्री मेंदूची.

डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, आणि तिथून मेंदूकडे निघणारे तंतू जेमतेम दहा लाख. म्हणजे वाटेतच केवढी काटछाट. त्याहून नवल असं की थॅलॅमस या मधल्या ठाण्यात डोळ्याकडून जेवढे तंतू येतात, त्यापेक्षा जास्त तंतू मेंदूच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्राकडून उलटे खाली येतात. मेंदू बातमीची वाट बघत बसत नाही, समोर काय असेल याचा अंदाज त्याच्याकडे आधीच तयार असतो आणि डोळ्याच्या बातमीनं तो अंदाज दुरुस्त होत राहतो. एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं पाहणं म्हणजे नकळत काढलेला निष्कर्ष, असं मांडलं होतं. आपल्याकडे दोरीवर साप दिसण्याचा दाखला कीर्तनात हजारदा येतो, तोही याच जातीचा. पण तिथे निदान दोरी असते. मास्तरांच्या वसरीवर दोरीही नाही, आणि नेमकं तेच समजून घ्यायला हवं.

मास्तरांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. तुमचा चेहरा डोळ्यातून त्या भागावर पडायला हवा, बारकावे टिपले जायला हवेत, ते तंतूंवाटे मागे जायला हवेत. वाट सुरुवातीलाच खचलेली, म्हणून तुमच्या चेहऱ्याच्या जागी धूसर डाग. पण चेहरे ओळखणारा, नक्षी ओळखणारा, रंग ओळखणारा मेंदूचा भाग धडधाकट आहे. त्याच्याकडे येणारी बातमी थांबली म्हणून तो थांबत नाही. उलट जास्तच चेतून उठतो आणि आपल्या आपण काम सुरू करतो. टोपीवरची नक्षी डोळ्यातून आलेलीच नाही, मग डोळा खराब असल्यानं ती पुसट कशाला होईल? प्रत्यक्षात दिसतं त्यापेक्षा हे भास स्वच्छ असतात असं रुग्ण सांगतात, त्याचं कारण हेच. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा काही रुग्णांना एमआरआयच्या यंत्रात झोपवलं आणि काही दिसलं की खूण करायला सांगितलं. रंगीत चित्र दिसत असताना मेंदूतला रंगाचा भाग कामाला लागलेला, चेहरा दिसत असताना चेहऱ्यांचा. म्हणून मास्तर ‘मला दिसतं’ म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. वसरीवर कुणी नाही हेही खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टींवरून घरात भांडायचं कारण नाही.

आणि हे फक्त म्हाताऱ्या मेंदूचं नव्हे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगली नजर असलेल्या तेरा धडधाकट माणसांचे डोळे सलग पाच दिवस बांधून ठेवले. तेरातल्या दहांना काही ना काही दिसू लागलं, कुणाला साधे प्रकाशाचे ठिपके, कुणाला चेहरे आणि देखावे. मास्तरांची तयारी झाली की हे तुमच्या मिस्टरांना जरूर वाचून दाखवा.

मास्तरांना समजावताना मात्र एमआरआयपासून सुरुवात करू नका. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा: मास्तर वर्गावर आले नाहीत तर पोरं गप्प बसत नाहीत, आपापला दंगा सुरू करतात. डोळ्याकडून धडा येईनासा झालाय, म्हणून मेंदूतली पोरं दंगा करताहेत. पोरं वाईट नाहीत आणि शाळाही बिघडलेली नाही. बघा, हसतील.

आता तपासणी. सगळंच काही बोनेच्या खात्यात टाकता येत नाही, आणि इथे घाई नडते. बॉनेट सिंड्रोममध्ये फक्त दिसतं. आवाज येत नाहीत, वास येत नाही, ती मंडळी आपल्याशी बोलत नाहीत, आणि बहुतेकांच्या बाबतीत डोळे मिटले की चित्र जातं. पाहणाऱ्याला हे खरं नसल्याचं कळतं, क्षणभर फसला तरी नंतर कळतं. ‘आत या रे’ म्हणाले त्यात मला म्हणूनच फारसं काळजीचं दिसत नाही. पाऊस पडत होता, पोरं भिजत होती, मास्तर बोलून गेले. त्यानंतर त्यांना काय वाटलं ते विचारा. ‘छे, माझंच मला हसू आलं’ असं म्हणाले तर उत्तम. पण ती मुलं खरीच आहेत असा हट्ट धरू लागले, ती काही कट करताहेत असं म्हणू लागले, ओळखीच्या वाटेवर चुकू लागले, एक दिवस एकदम स्वच्छ आणि दुसऱ्या दिवशी भ्रमिष्टासारखे वागू लागले, चाल आखूड आणि अंग ताठ झालं, झोपेत ओरडू-लाथा झाडू लागले, तर तो निराळा विषय. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात असं होतं, त्यातही माणसं आणि जनावरं दिसतात, आणि त्याला मेंदूचा डॉक्टरच लागतो. मुलाचा अल्झायमरचा अंदाज त्या मानानं लांबचा. त्यात सुरुवात सहसा विसरण्यापासून होते, दिसण्यापासून नव्हे.

एका-दोन दिवसांत अचानक बरळणं, गुंगी, ताप असं झालं तर मात्र चवथीची, डॉक्टरच्या तारखेची, कसलीच वाट न बघता हॉस्पिटल गाठा. म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन किंवा रक्तातलं सोडियम उतरणं एवढ्यानंही असं होतं. गोळ्यांकडेही बघा. लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या वयस्कांना भास घडवू शकतात. प्रेशरच्या काही थेंबांनीही क्वचित वयस्कांचा गोंधळ उडतो. म्हणून थेंब आपल्या मनानं बंद करायचे असं नाही, त्यानं राहिलेली नजर जाईल. फक्त ‘हे थेंब सुरू झाल्यावर हे सुरू झालं का?’ एवढं डॉक्टरांना विचारा.

पहिली भेट डोळ्यांच्या डॉक्टरांची, आणि तीही केवळ शिक्कामोर्तब करायला नव्हे. ‘पडदा गेला, आता काय राहिलंय’ म्हणून घरचे तपासणी सोडून देतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पडद्याच्या झिजेचे दोन प्रकार असतात, कोरडा आणि ओला. ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देऊन नजर धरून ठेवता येते, पण वेळेत. दाराची चौकट, खिडकीचे गज वाकडे दिसू लागले, किंवा अचानक प्रकाशाचे लोळ आणि डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दाखवायचं. मोतीबिंदूही राहिला असेल तर तो काढल्यानं थोडा उजेड आत जाईल. कित्येकांचे भास तेवढ्यानंच कमी होतात. तिथून पुढे डॉक्टरांना शंका वाटली तर ते तुम्हाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोलॉजीकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे, पाठवतील. मनोरुग्णालयही तिथेच आहे, तेव्हा बांबोळी म्हटल्यावर तुमच्या काकी काय म्हणतील ते मला माहीत आहे. म्हणू देत.

या आजारावर खात्रीची गोळी नाही. फार त्रास झाला तर डॉक्टर काही औषधं देऊन बघतात, पण ती त्यांनी द्यायची. फार्मसीत जाऊन ‘बाबांना जरा शांत झोपेल असं काहीतरी द्या’ असं कुणीही करू नका. आधीच नजर कमी, त्यात गुंगी, त्यात पावसाळ्यात शेवाळलेली पायरी. खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, आणि त्या दुखण्यापुढे टोपीवाली मुलं परवडली.

घरी करण्यासारखं बरंच आहे. भास बहुधा मंद उजेडात आणि माणूस स्वस्थ बसलेला असताना येतात. तिन्हीसांजेची वसरी, पाऊस, गेलेली वीज, एकटे मास्तर: याहून सोयीची वेळ मेंदूला कुठली मिळणार? दिवा दिवेलागणीच्या अर्धा तास आधी लावा, चांगल्या उजेडाचा, आणि त्यांच्या डोळ्यांवर न येता मागून-बाजूनं पडेल असा. इन्व्हर्टर असेल तर वसरीचा दिवा त्यावर घ्या. मुलं आली की त्यांच्याकडे टक लावून बसायचं नाही. मान स्थिर ठेवून डोळे सावकाश डावीकडे-उजवीकडे न्यायचे, पंधरा-वीस वेळा, मग थोडं थांबून पुन्हा. किंवा पापण्या भराभर मिटायच्या, उठून चार पावलं टाकायची, दिवा लावायचा किंवा मालवायचा, हात पुढे करून त्या मुलाच्या टोपीला शिवायला जायचं. कुणाला यातलं एक लागू पडतं, कुणाला दुसरं. काहींचे भास वर्ष-दीड वर्षात आपोआप विरळ होतात, काहींचे वर्षानुवर्षं राहतात, पण भीती गेली की त्रास उरत नाही. रात्रीची झोप पुरी होऊ दे. आणि संध्याकाळी कुणीतरी बोलायला असू दे, रेडिओ नव्हे, माणूस.

देवचाराबद्दल. राखणदाराशी माझं भांडण नाही. सत्तरी-डिचोलीकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांना कांबळ पांघरून, हातात दांडा घेऊन रात्री वाट दाखवणारा तो माहीत असतो, आणि मला आठवतं तसं, तो गुडघ्याएवढा नसतो आणि जरीची टोपी घालत नाही. काकींच्या समाधानासाठी रोट द्यायचा तर द्या. दिश्ट काढायची तर काढा, फक्त मिरच्यांचा धूर मास्तरांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. घाड्याला मात्र मी नाही म्हणेन, आणि ते श्रद्धेच्या कारणानं नव्हे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले आबे फारिया तुम्हाला ठाऊक असतील. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, समोर कोसळणाऱ्या बाईवर हात पसरलेला. त्या काळी युरोपात पुष्कळ जण म्हणत होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलातरी चुंबकी प्रवाह निघतो. फारियांनी पॅरिसमध्ये सांगितलं की प्रवाह वगैरे काही नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्याच मनात, त्याच्या अपेक्षेनं, सूचनेनं घडतं. मास्तरांचे भास संमोहनातून आलेले नाहीत, पण सूचनेचा धोका इथेही तेवढाच आहे. आज ती मुलं कुणाचीच नाहीत, गप्प ओळीनं बसतात. उद्या एखाद्या घाड्यानं भारदस्त आवाजात ‘ही अमक्या घराण्याची अतृप्त पोरं, काहीतरी मागताहेत’ असं सांगितलं की चित्र तेच राहील, पण मास्तरांची झोप उडेल. मग ते खरोखरच आजारी पडतील, आणि घाडी म्हणेल, बघा, मी सांगितलं होतं.

मिस्टरांचं. त्यांना तुम्ही परस्पर सांगू नका. मास्तरांनी विश्वासानं सांगितलंय, तो विश्वास या घरात सध्या औषधाइतकाच मोलाचा आहे. आधी मास्तरांना वरचं सगळं सांगा, मग विचारा, ‘त्यांना कोण सांगणार, तुम्ही की मी?’ माझा अंदाज, स्वतःच सांगतील. मिस्टरांची भीतीही मला खोटी वाटत नाही. ज्या बापानं अक्षर गिरवून घेतलं त्याला रिकाम्या वसरीशी बोलताना ऐकणं सोपं नाही, आणि माणूस भ्याला की आधी ओरडतो. त्यांना एकच सांगणं: ‘तिथे कुणी नाही बाबा’ हे वाक्य बंद करा. बाबांना ते तुमच्या आधीपासून माहीत आहे. त्याऐवजी ‘आज मंडळी आली होती का?’ असं सहज विचारावं, चहाला साखर हवी का विचारतात तेवढ्या सहज.

आणखी एक गैरसमज तुमच्या घरात असेल, पत्रात नाही पण अशा बहुतेक घरांत असतो. मधली नजर गेलेल्या माणसाला कडेचं दिसतं. त्यामुळे ते दारातून नीट आत येतील, जमिनीवर पडलेलं नाणंही एखाद्या वेळी उचलतील, आणि समोर उभ्या सख्ख्या बहिणीला ओळखणार नाहीत. मग लोक म्हणतात, हवं तेव्हा बरं दिसतं म्हाताऱ्याला. बोलताना तुमच्या कानाकडे बघत असतील तर तेही तेवढ्यासाठीच, कडेच्या नजरेत तुम्हाला आणताहेत. चवथीला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी फोनवर सांगून ठेवा, आणि मास्तरांजवळ जाताना ‘ओळखलंत का?’ असं न विचारता सरळ नाव सांगा म्हणावं. ‘ओळखलंत का’ हा प्रश्न डोळसांनाही नकोसाच असतो, पण ते असो.

खोलीत बसवणं तर अजिबात नको. मंद खोली आणि रिकामे हात म्हणजे मुलांना आमंत्रणच. माटोळी त्यांनाच बांधू दे. चढायचं काम नातवाचं, पण खाली खुर्चीवर मास्तर. आंबाडे, तोरंजन, कांगलां, सुपारीचा घोस हे सगळं त्यांच्या हातात देत जा. हात लावून, वास घेऊन ते तुमच्या अख्ख्या कुटुंबापेक्षा जास्त नावं सांगतील, कुठलं फळ कुठल्या दोरीला तेही सांगतील. आणि मधेच घरातल्या चौकीत टोपीवाली मुलं येऊन बसली, मास्तर काही बोलले, पाहुण्यांपैकी कुणी भुवया उंचावल्या, तर घरच्यांनी कुजबुजून सारवासारव करायची नाही. मास्तरांना सांगू दे काय दिसतंय आणि का दिसतंय. समजावून सांगण्यातच त्यांची हयात गेलीय.

नातवाला मात्र आजपासून एक वही द्या, मोबाईलपेक्षा उपयोगी पडेल. काय दिसलं, किती वाजता, दिवा होता की नव्हता, किती वेळ टिकलं, डोळे मिटल्यावर गेलं का, त्या दिवशी कुठल्या गोळ्या घेतल्या आणि थेंब कधी घातले. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि औषधांच्या सगळ्या पट्ट्या-बाटल्या एका पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका.